गिअर अडला, तर आधी काय पाहाल?

सायकल म्हटली की आपल्या मराठवाड्यात दुधाच्या कॅन लटकवलेली, नाही तर शाळेला निघालेल्या मुलीची सायकल डोळ्यांपुढे येते. पण अलीकडे नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर पहाटे वेगळ्याच सायकली दिसतात. बारीक टायर, खाली वळलेले हॅन्डल आणि चालवणारा कुणी डॉक्टर, कुणी प्राध्यापक, कुणी व्यापारी. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पुरी केली. अशा बातम्या वाचून लांब पल्ल्याची हौस आपल्याकडेही आली. फरक एवढाच, की त्या शर्यतीत सायकलस्वारामागे मदतीची गाडी असते. लोहा ओलांडून माळाकोळीच्या चढाला लागलेल्या आपल्या माणसामागे उसाची ट्रॉली असते.

या महागड्या सायकलींपैकी काहींचे गिअर विजेवर चालतात. जुन्या गिअरमध्ये हॅन्डलपासून मागच्या चाकापर्यंत पोलादी तार असते; खटका दाबला की तार ओढली जाते आणि साखळी एका चकतीवरून दुसरीवर जाते. नव्या पद्धतीत खटका फक्त बटण असतो. त्याचा निरोप वायरमधून किंवा बिनतारी जातो आणि गिअरमधली इवलीशी मोटर साखळी सरकवते. जपानच्या शिमानो कंपनीने २००९ साली रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींसाठी ही पद्धत बाजारात आणली. अमेरिकेच्या स्रॅमने २०१५ साली वायरही काढून टाकली.

आता गंमत अशी, की 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द ऐकला की गावातला मिस्त्री हात मागे घेतो आणि मालकाचा धीर सुटतो. सायकल पुण्याला नाही तर हैदराबादला पाठवायची, म्हणजे महिनाभर ती गेली. माझ्यासारख्या साध्या बी.ए. झालेल्या माणसाचे सांगणे इतकेच, की बहुतेक वेळा दुखणे साधे असते. शेर अडखळला की आम्ही आधी मात्रा मोजतो, आशय बदलायला धावत नाही. इथेही तोच क्रम ठेवावा.

पहिला प्रश्न बॅटरीचा. शिमानोच्या रचनेत बॅटरी उतरू लागली की पुढचा गिअर आधी बंद पडतो, मागचा थोडा वेळ चालतो आणि मग शेवटच्या जागी तसाच राहतो. म्हणून पुढचा गिअर रुसला की मागचा मधल्या चकतीवर आणावा आणि घराकडे वळावे. स्रॅममध्ये दोन्ही गिअरना स्वतंत्र, पण सारखीच बॅटरी असते. मागची संपली तर पुढची काढून तिथे लावावी. चढावर मागच्या गिअरची गरज जास्त. बिनतारी खटक्यांत घड्याळासारखा चपटा सेल असतो, तो वर्ष-दोन वर्षांनी बदलावा लागतो. एकाच हाताचे बटण चालत नसेल आणि दुसऱ्या हाताचे चालत असेल, तर संशय या सेलवर घ्यावा. सेल फार स्वस्तातला, पण तो खिशात नसेल तर लाखाची सायकल अडते.

दुसरा प्रश्न जोडणीचा. वायरच्या सायकलीत प्लग 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसलेला हवा. खड्ड्यांनी तो किंचित सैल झाला, तर गिअर कधी चालतो, कधी नाही. असा लहरीपणा दिसला की आधी प्लग दाबून पाहावेत.

तिसरा प्रश्न, सायकल पडली होती का? दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या ओळखीचा एक तरुण डॉक्टर अहमदपूरजवळ काळ्या मातीच्या चिखलावरून घसरला. उठून पाहतो तो मागचा गिअर निर्जीव. "चाचा, आतलं सर्किट गेलं," असे त्याने फोनवर सांगितले. सर्किट शाबूत होते. जोराचा मार बसला की मोटर वाचावी म्हणून काही गिअर स्वतःहून सुटे होतात. शिमानोच्या जुन्या वायरवाल्या, अकरा गिअरच्या रचनेत हॅन्डलजवळच्या डबीवरचे बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरायचे, मग मागचे चाक उचलून पायडल फिरवत गिअर बदलून पाहायचा. नव्या रचनांची रीत वेगळी आहे; ती माहितीपुस्तकात असते, त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

त्या डॉक्टरचा गिअर चालू झाला, पण साखळी कडकड वाजू लागली. इथे आमचा गावचा मिस्त्री कामाला आला. त्याने मागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, कान वाकलाय." गिअर ज्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टांगलेला असतो, तिला इंग्रजीत हँगर म्हणतात. फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. ती जरा वाकली तरी मोटर अचूक सरकते आणि साखळी चुकीच्या जागी जाते. ही पट्टी फार वेळा सरळ करू नये, मोडते. आपल्या फ्रेमची एक जादा जवळ असावी. साखळी आणि चकत्या झिजल्या असतील तरी असाच आवाज येतो.

एवढे सगळे पाहून झाले, तरच बारीक जुळवणीला हात लावावा. ती बटणांनीच केसभर मागे-पुढे करता येते. स्क्रू मात्र सर्वांत शेवटी. वाकलेल्या पट्टीवर जुळवणी केली, तर एका चकतीवर आवाज थांबतो आणि दुसऱ्या चार चकत्यांवर सुरू होतो.

आपल्या हवेचे दोन शब्द. मे महिन्यात बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये. उष्णतेने तिचे आयुष्य घटते. चिखल धुताना गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नये. बादली आणि फडके पुरे. बिनतारी सायकल गाडीवर लादून न्यायची असेल तर बॅटऱ्या काढून घ्याव्यात, नाही तर हादऱ्यांनी ती जागीच राहते आणि बॅटरी उतरते.

आणि आपल्या मिस्त्रीला या सायकलीपासून दूर ठेवू नका. मोटारीचे त्याला कळत नसेल, पण साखळी, चकती आणि वाकलेला कान त्याच्या डोळ्याला आपल्याआधी दिसतो. बॅटरी आपण पाहावी, बाकीचे त्याला पाहू द्यावे. अर्धी दुखणी तालुक्यातच बरी होतील.