बॉनेटवरचा तळहात

शिरवळहून दोघे गाडी बघायला आले होते. ज्याला घ्यायची होती तो माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला. ज्याला घ्यायची नव्हती, तो मिस्त्री, न बोलता पार्किंगमध्ये गेला आणि त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"सकाळपासून चालू केली नाही ना काका?"

नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. मला मात्र कुतूहल वाटलं. मी दोन दिवस गाडी घासूनपुसून चकचकीत केली होती आणि हा माणूस तिचा ताप बघत होता!

कारण त्यानेच सांगितलं. थंड इंजिनला खोटं बोलता येत नाही. रात्रभरात ऑइल खाली उतरून बसलेलं असतं आणि धातू आक्रसलेला असतो, त्यामुळे झिजलेल्या भागांमधल्या फटी मोठ्या झालेल्या असतात. पहिला सेल्फ मारला की त्या फटी खडखडतात. व्हॉल्व्हची सील गेली असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल जळून निळसर धूर येतो. दहा मिनिटं चालवलेली गाडी हे सगळं झाकून घेते. म्हणून विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी दिसली की जाणता माणूस तिथेच सावध होतो.

पुढचा अर्धा तास मी माझीच गाडी नव्याने पाहिली. २०१६ ची वॅगन आर, मीटरवर ५८ हजार. मिस्त्री टायरपाशी उकिडवा बसला आणि कडेला कोरलेले चार आकडे त्याने वाचले: २२२१. म्हणजे २०२१ सालच्या बाविसाव्या आठवड्यात हा टायर कारखान्यातून बाहेर पडला. मग प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातली बारीक खूण. काच कोणत्या साली बनली ते त्यावरून कळतं. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी निघाली, तर त्या बाजूला काहीतरी घडून गेलेलं असतं. मग क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर, कारण मीटर मागे फिरवणारा पेडल बदलायचं हमखास विसरतो. मीटरवर तीस हजार आणि रबर गुळगुळीत, असं जमत नाही. दाराचं बीडिंग उपटून त्याने आतले वेल्डिंगचे ठिपके बोटाने मोजल्यासारखे चाचपले. कारखान्यातला यंत्रमानव ते सारख्या अंतरावर मारतो, गॅरेजमधल्या माणसाला ते साधत नाही.

मला आमच्याकडचा बैलबाजार आठवला. तिथेही बोलणं मालकाशी चालतं आणि खरा संवाद बैलाच्या जबड्याशी. दात बघून आदत, दुसा की चौसा ते ठरतं. बैलाला वय लपवता येत नाही. गाडीलाही येत नाही, फक्त तिचे दात चार ठिकाणी विखुरलेले असतात.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो, जो थोडक्यात टळला. मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा होता. विकण्याआधी ते दार रंगवून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. आमच्या गॅरेजवाल्याने हात जोडले. "तसंच राहू द्या. रंगवलंत तर किंमत कमी येईल." मला तो आळस वाटला. तो आळस नव्हता, हे मिस्त्रीने खिशातून काड्यापेटीएवढं यंत्र काढलं तेव्हा समजलं.

हे यंत्र रंगाची जाडी मोजतं. गाडीचा पत्रा कारखान्यात आधी रंगाच्या हौदात बुडवतात आणि वीज सोडून पहिला थर चिकटवतात. त्यावर प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक थर. इतके सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी! पत्र्यावर टेकवलं की खालचा लोखंडी पत्रा किती दूर आहे हे यंत्र चुंबकीय क्षेत्रातल्या बदलावरून ताडतं. पुन्हा रंगवलेल्या दारावर आकडा दुप्पट होतो, आणि पोचा बुजवायला पुट्टी भरली असेल तर कितीतरी पट वर जातो. माझ्या ओरखड्याशेजारी त्याने यंत्र टेकवलं: ११८. तो पहिल्यांदाच हसला. ओरखडा म्हणजे नुसता ओरखडा आहे, हे त्या आकड्याने सिद्ध केलं होतं. रंगवलं असतं तर त्या रंगाखाली काय दडलंय याची शंका त्याने विकत घेतली असती आणि तिचे पैसे माझ्याकडून वळते करून घेतले असते.

या शंकेच्या किमतीवर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली एक छोटासा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ चं नोबेल त्यातल्याच विचाराला मिळालं. उदाहरण वापरलेल्या गाड्यांचंच. घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, निघून जातो. मग बाजारात उरतात त्या जरा वाईट गाड्या. भाव आणखी उतरतो. आणखी काही चांगले मालक निघून जातात. कोणी लबाडी न करताही बाजार नासत जातो. अमेरिकेत फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात आणि निबंधाच्या नावातही तेच लिंबू आहे. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतो, हा योगायोग मला फार आवडतो.

तर विकण्यासाठी गाडी 'तयार' करणं म्हणजे काय? पॉलिश लावणं कमी आणि शंका पुसणं जास्त. सर्व्हिसची बिलं तारीखवार लावलेली फाइल, दुसरी किल्ली, पीयूसी, न भरलेलं ई-चलान भरून टाकणं, कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवणं. आतून स्वच्छता हवी, पण वासाचा फवारा नको. मिस्त्री लोक त्या वासामागे पावसाचं पाणी शोधतात. इंजिनही धुऊन चमकवू नये. थोडी धूळ असलेलं कोरडं इंजिन सांगतं की इथे कुठे गळती नाही.

भाव ठरवणं हा मात्र वेगळाच खेळ आहे, कारण तो आकडा तुमच्या गाडीत नसतोच. तो शेजारच्या शोरूममध्ये असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला. शोरूममध्ये ६ लाखांना असलेली गाडी त्या हिशेबाने सुमारे ५१ हजारांनी उतरली. त्या सकाळी माझी गाडी जागची हललीही नव्हती, पण तीही स्वस्त झाली. उलट दिशेचंही एक गणित आहे: नव्या ६ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ६६ हजार, वाहनकर भरावा लागतो. तो जुन्या गाडीवर आधीच भरलेला असतो, म्हणून 'एमएच' पाटीची गाडी महाराष्ट्रातच जास्त मोलाची.

आणि मग माणसाचं डोकं. अमेरिकेतल्या दोन कोटींहून अधिक वापरलेल्या गाड्यांचे घाऊक व्यवहार तीन अर्थतज्ज्ञांनी तपासले. ७९,९०० ते ७९,९९९ मैल चाललेल्या गाड्या, ८० हजार नुकतेच ओलांडलेल्या गाड्यांपेक्षा सुमारे २१० डॉलर जास्त घेऊन जात होत्या. आणि त्याआधीच्या शंभर मैलांच्या गटाशी त्यांचा फरक फक्त १० डॉलरचा. लोखंड शंभर मैलांत झिजत नाही, डावीकडचा आकडा बदलतो. हे वाचल्यावर मी ३ लाख ५ हजारांचा विचार सोडून २ लाख ९५ हजार मागितले. '३ लाखांपर्यंत' शोधणाऱ्या माणसाला मी निदान दिसलो तरी.

सौदा २ लाख ८० हजारांना पटला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मी लगेच हस्तांतर सुरू केलं, कारण पैसे घेऊन किल्ली दिली म्हणजे सुटलो असं कायदा मानत नाही. गाडी पुढे चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकाकडेच येते, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. विम्यातला नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर ५० टक्के. तो मी विमा कंपनीचं पत्र घेऊन स्वतःकडे ठेवला.

इतकं सगळं नीट केलं आणि काचेवरचा फास्टॅग काढायचा राहिला. गाडी फाटकाबाहेर पडून तासभर झाला असेल. खालची मोकळी जागा बघवत नव्हती म्हणून मी वर येऊन चहा टाकला होता, तेवढ्यात मोबाइल वाजला: खेड-शिवापूर टोलनाका, पैसे कापले.