बोर्दोचे मळे : लेखांक ६
पंचेचाळीसची मुताँ

गेल्या आठवड्यात आपण १८५५ ची क्रमवारी पाहिली. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव पाहून लाल वाइनच्या पाच पायऱ्या लावल्या आणि पोयाकची शातो मुताँ दुसऱ्या पायरीवर राहिली. नाथानिएल द रोथशिल्ड यांनी ती इस्टेट घेऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. शेजारची लाफित मात्र पहिल्या पायरीवर! हा निकाल घराण्याला शंभराहून अधिक वर्षं बोचत राहिला.

१९२२ मध्ये कारभार फिलिप द रोथशिल्ड यांच्याकडे आला, तेव्हा ते विशीचे होते. त्या काळी नवी वाइन पिंपांतूनच बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटल्या तिकडे भरल्या जात. वाटेत तिच्यात काय मिसळलं जाईल, याची हमी मळेवाला देऊ शकत नसे. फिलिप यांनी १९२४ पासून सगळी वाइन आपल्याच आवारात बाटलीबंद करायला घेतली. मुताँच्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय मला हाच वाटतो.

मग युद्ध आलं. ज्यू असल्यामुळे फिलिप यांचं नागरिकत्व नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारनं काढून घेतलं, त्यांना तुरुंगात टाकलं, इस्टेट जप्त केली. सुटका झाल्यावर ते इंग्लंड गाठून द गॉल यांच्या फौजेत सामील झाले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना मात्र नाझींनी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं. मार्च १९४५ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्या वर्षीच्या वाइनबद्दल लिहिताना ही गोष्ट गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला, युरोपातलं युद्ध संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, बोर्दोत कडाक्याची थंडी पडून दंव गोठलं. निफाड-दिंडोरीचे बागायतदार थंडीच्या लाटेत बागेत शेकोट्या पेटवतात, ते तयार होत आलेल्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मुताँमध्ये दंवानं गाठले ते नुकते फुटलेले कोवळे कोंब. ते जळाले, की त्यांच्यावर येणारे घडही गेलेच. वेलींवर थोडेच घड उरले. पुढे उन्हाळा कडक आणि कोरडा गेला. पाण्याच्या ताणामुळे मणी बारीक राहिले.

रस जवळजवळ पांढराच असतो. रंग आणि टॅनिन, म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा, येतो तो मुख्यतः सालीतून. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. त्यात मुताँचा भर काबर्ने सोव्हिन्याँवर, म्हणजे मुळातच जाड सालीच्या आणि बारीक मण्यांच्या जातीवर. सप्टेंबरच्या मध्याला, नेहमीपेक्षा लवकर, तोडणी सुरू झाली आणि पिंपांत उतरली ती गडद, दाट, कमालीची तुरट वाइन. तरुणपणी ती पिणं कठीणच होतं. पण हेच टॅनिन वाइनला टिकवतं. पुदिन्याची आणि मसाल्याची आठवण करून देणारा तिचा गंध कित्येक दशकांनंतरही जाणकार ओळखू शकत होते. २००६ च्या एका लिलावात या वाइनच्या बारा बाटल्या २ लाख ९० हजार डॉलरना गेल्या.

युद्ध संपलं तसं फिलिप यांनी फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराकडून लेबलासाठी विजयाचा ‘व्ही’ काढून घेतला. तेव्हापासून जवळपास दरवर्षी नव्या कलावंताचं चित्र लेबलावर येऊ लागलं. ब्राक, दाली, मिरो, शगाल, आणि २००९ च्या लेबलावर मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. चित्रांनी मुताँला जगभर नाव दिलं हे खरं. पण पंचेचाळीसची थोरवी तिच्या लेबलाला चिकटवणं मला पटत नाही. ती त्या दंवाची, त्या कोरड्या उन्हाळ्याची आणि मनुष्यबळ अपुरं असताना तोडणी पार पाडणाऱ्या हातांची आहे.

पहिली पायरी मिळवायला फिलिप यांना आणखी २८ वर्षं झगडावं लागलं. जून १९७३ मध्ये, जाक शिराक कृषिमंत्री असताना, मुताँला बढती मिळाली. दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर गेलेली ही एकमेव इस्टेट. त्या वर्षीच्या लेबलावर तेव्हा नुकतेच निवर्तलेल्या पिकासोंचं चित्र आहे. बाटलीतली १९७३ ची वाइन मात्र अगदीच बेताची निघाली.