फौजी आजोबांची साखर

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? वाटीभर? मूठभर? छे! फक्त एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास. उपाशीपोटी तपासलेल्या 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर निघाली तर ठीक. 126 किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा निघू लागली, की डॉक्टर म्हणतात मधुमेह. म्हणजे एका चमच्याचा सव्वा चमचा झाला तरी घोळ! आणि आपण तर एका बैठकीत दोन-दोन जिलब्या फस्त करतो. मग ती सगळी साखर जाते कुठे?

बरीचशी जाते स्नायूंत. मांड्या, पोटऱ्या, दंड हे शरीरातलं साखरेचं सगळ्यात मोठं कोठार. यकृतात साधारण 100 ग्रॅम साखर मावते, तर सगळ्या स्नायूंत मिळून 400 ग्रॅमच्या घरात. पण स्नायू भारी आप्पलपोटे बरं का! यकृत गरज पडली की आपली साखर रक्तात परत सोडतं. स्नायू एकदा घेतलेली साखर रक्ताला परत देत नाहीत. ती त्यांनी स्वतःच, हालचाल करून संपवायची. हललाच नाहीत, तर कोठार भरलेलंच राहतं आणि नवी साखर दारातच ताटकळते.

आता फौजी आजोबांकडे वळू. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावात तर घराघरात फौजी सापडतील. जवान पुष्कळदा चाळिशीच्या आगेमागेच निवृत्त होतो. तोवर रोज पहाटे पीटी, धावणं, पाठीवर पिट्ठू घेऊन मैलोन् मैल चालणं. घरी आल्यावर खुर्चीतली नोकरी मिळते, पण भूक मात्र फौजेतलीच राहते.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची वेगळी रुग्णालयं आहेत. तिथे उपचार घेणाऱ्या दर चौघांत जवळजवळ एकाला मधुमेह आहे. एवढी कसलेली माणसं, आणि तरी? अर्थात सगळं खापर खुर्चीवर फोडायला मी तयार नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी विमानांनी जंगलांवर झाडं मारणारं औषध फवारलं होतं. त्यात डायॉक्सिन नावाचं विष होतं. त्याच्या संपर्कात आलेल्या सैनिकांना पुढे होणाऱ्या आजारांच्या यादीत अमेरिकी सरकारने 2001 साली मधुमेहही घातला.

कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी आणखी एक गंमत पाहिली. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तपासणीसाठी लोकांना चालत्या पट्ट्यावर चालवतात. पट्टा हळूहळू वेगवान होतो आणि चढही वाढतो. दमून ‘बस्स!’ म्हणेपर्यंत चालायचं. ही ताकद ‘मेट’मध्ये मोजतात. नुसतं गप्प बसणं म्हणजे 1 मेट, भरभर चालणं 4-5 मेट आणि चांगलं पळणं 10 मेटच्या आसपास. अशा 6,213 पुरुषांचा अभ्यास 2002 साली छापून आला. एकेक मेट ताकद जास्त, तसा जगण्याचा संभव सुमारे 12 टक्क्यांनी जास्त! वॉशिंग्टनच्या डॉक्टरांनी पुढे मधुमेह असलेल्या माजी सैनिकांकडे पाहिलं, तर तिथेही पट्ट्यावर जास्त टिकणारेच जास्त जगत होते. तरुणपणी कोण किती धावला होता, हे पट्टा विचारत नाही. तो फक्त आजचे पाय बघतो.

रक्तातली साखरही तशीच वागते. एरवी साखरेला स्नायूत शिरायला इन्शुलिनची मदत लागते. इन्शुलिनचा निरोप मिळाला की स्नायूच्या पेशीत दडलेले ‘ग्लुट-4’ नावाचे वाहक वर येतात आणि साखर आत ओढतात. नेहमी दिसणाऱ्या मधुमेहात पेशी या निरोपाकडे कानाडोळा करू लागतात. पण स्नायू आखडला-सैलावला, की हेच वाहक इन्शुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात! म्हणून मधुमेह झालेल्या माणसानेही चालायला सुरुवात केली, की साखर उतरू लागते. मात्र एका दिवसाच्या व्यायामाचा हा असर एक-दोन दिवसच टिकतो. वीस वर्षांपूर्वी सियाचीनला केलेली चढाई तिथे जमेला धरत नाहीत.

म्हणून फौजी आजोबा जेवण झाल्यावर फेरी मारायला निघाले, की तुम्हीही चपला घाला. आणि ते इन्शुलिनचं इंजेक्शन घेत असतील, तर त्यांच्या खिशात एखादी गोड गोळी नक्की असेल. मधुमेह असून गोळी? हो! इंजेक्शनही साखर ओढतं आणि पायही ओढतात. दोघांनी मिळून जास्तच ओढली तर हात थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते. तेव्हा ती गोळी लगेच तोंडात टाकायची असते. तिच्यावर डोळा ठेवू नका.