टाकीत अमोनिया शून्य आला, म्हणून लगेच मासे सोडू नका

मंडळी, १ जून ते ३१ जुलै बंदी. बोट किनाऱ्याला, माणसं घरात. अशा वेळी पोरांच्या हट्टापायी बऱ्याच घरांत काचेची टाकी येते. तळाला माती, वर हिरवी झाडं, पाणी अगदी नितळ. तिसऱ्या दिवशी पाणी तपासलं, अमोनिया शून्य. मासे सोडले. दहाव्या दिवसापासून एकेक मासा मरायला लागला. मग चुकलं कुठं?

चूक आकडा वाचण्यात झाली. तिसऱ्या दिवशीचा शून्य म्हणजे पाणी तयार झालं असं नव्हे. त्यात अमोनिया अजून तयारच झालेला नसतो.

माशांची घाण, उरलेलं खाद्य, कुजलेली पानं यांतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू वाढतात. बहुतेक वेळा त्याला ३ ते ६ आठवडे लागतात. म्हणून एका दिवसाचा आकडा बघू नका, आकडे कसे चढतात-उतरतात ते बघा.

अमोनिया: झाडांसाठीची काही खतयुक्त माती स्वतःच अमोनिया सोडते. मासे नसतानाही आकडा चढला तर घाबरू नका. मात्र पीएच बघा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकाहून कमी असतो, पीएच ८ ला तोच साधारण पाच होतो. आकडा तोच, धोका कितीतरी जास्त.

नायट्राइट: बाजारात आपण कल्ला उचलून लाल रंग बघतो ना? नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेता येत नाही. मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतो. हा आकडा शून्यच हवा.

नायट्रेट: याचा थोडा आकडा दिसला तर काम सुरू झालं असं समजा. पण झाडं जोमात असतील तर ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खातात, त्यामुळे नायट्रेट शून्यही येऊ शकतो.

मग मासे कधी सोडायचे? रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. तरीही अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य राहिले, की आधी दोन-तीनच छोटे मासे सोडा. पुढचे काही दिवस रोज तपासा.

मासे आधीच सोडले असतील आणि आकडा चढला असेल तर खाद्य कमी करा, पाव ते निम्मं पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा, नाहीतर ते जिवाणूंनाच मारतं. जांभ्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी असतं. त्यात पीएच आणखी उतरला तर जिवाणूंचं काम मंदावतं, म्हणून तो आकडाही बघत जा.

बर्फ-डिझेलचा हिशेब आपण वहीत मांडतोच. टाकीचेही आकडे तारखेसह त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. पोरांनाच ते काम द्या. मासे जगतील आणि पोरंही पाणी वाचायला शिकतील.