चॅप्लिन इतका तुरुतुरु का चालतो?

कोणालाही चार्ली चॅप्लिनची नक्कल करून दाखवायला सांगा. तो पाय फाकवील, हातातली नसलेली छडी फिरवील आणि तुरुतुरु चालू लागेल. फाकवलेले पाय आणि छडी ही चॅप्लिनचीच. त्या तुरुतुरु चालीतला बराचसा भाग मात्र आपण तो ज्या यंत्रावर पाहिला, त्या यंत्राने घातलेला आहे.

जुन्या व्हीएचएस कॅसेटवर, टीव्हीवर किंवा उत्सवाच्या मांडवातल्या पडद्यावर ज्यांनी हे विनोदी मूकपट पाहिले, त्यांच्या मनात एक ठरावीक चित्र असते. करडी, ओरखडे पडलेली प्रतिमा आणि झटके देत पळणारी माणसे. ‘त्या काळी तंत्रज्ञान तेवढेच होते’ अशी आपण समजूत करून घेतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत डीव्हीडी आणि ब्लू-रेवर आलेल्या याच लघुपटांच्या सुधारित प्रती पाहिल्या की ही समजूत टिकत नाही. बस्टर कीटनच्या ‘वन वीक’मध्ये (१९२०) एक नवे जोडपे खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांचे घर जोडते. एका मत्सरी माणसाने खोक्यांवरचे आकडे बदललेले असतात, त्यामुळे घर वेडेवाकडे उभे राहते. स्वच्छ प्रतीत आणि योग्य वेगात पाहिले, की कीटन पडण्याआधी क्षणभर थांबतो, विचार करतो, हे दिसते. हसू येते ते त्या थांबण्याने. जुन्या घाईच्या प्रतीत तो क्षणच हरवून गेलेला असे.

गणित वेगाचे

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे टिपली जात, पण हा वेग कधीच पक्का नसे. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी एकसारखा वेग आवश्यक झाला आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरले. पुढे जुने मूकपटही याच वेगाने दाखवले जाऊ लागले. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,०००. सेकंदाला १६ या वेगाने हे रीळ १६ मिनिटे ४० सेकंद चालते. २४ च्या वेगाने ते ११ मिनिटांतच संपते. माणसे दीडपट वेगाने धावतात ती अशी.

सेकंदाला १६ चित्रे म्हणजे पडदा लुकलुकत असणार, असे वाटेल. त्यावरही उपाय होता. प्रोजेक्टरच्या भिंगापुढे तीन पात्यांची फिरती झडप असे. एकच चित्र ती तीनदा झाकून तीनदा दाखवी. त्यामुळे डोळ्यांवर सेकंदाला ४८ वेळा प्रकाश पडे आणि लुकलुक फारशी जाणवत नसे.

आता संगणकावर काही चित्रांची पुनरावृत्ती करून मूळ वेग राखता येतो. तरी तो किती हे ठरवणे सोपे नसते. पाठलागासारख्या प्रसंगात कॅमेरामन मुद्दाम हँडल सावकाश फिरवत, म्हणजे पडद्यावर धावपळ जास्त वाटे. ही हेतुपुरस्सर घाई ठेवायची आणि नंतर चुकून आलेली घाई काढायची, हे काम माणसाच्या नजरेनेच होते.

त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांचेही कारण रसायनशास्त्रात आहे. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग ‘दिसत’ नसे. तांबूस त्वचा काळपट आणि ओठ जवळजवळ काळे उमटत. म्हणून नट जाड पांढरा लेप लावत.

स्वतःला खाणारी फिल्म

हे मूकपट ज्या फिल्मवर होते ती सेल्युलोज नायट्रेटची. स्फोटक म्हणून वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनची ही जवळची नातलग. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ती एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते. न पेटताही ती हळूहळू कुजते. तिच्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते आणि ते आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढवते. आधी प्रतिमा पिवळी पडते, मग रीळ चिकट होते, फुगते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. थंड, कोरडी जागा हा वेग कमी करते, थांबवू शकत नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्या देशातल्या सुमारे ११ हजार लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. आपल्याकडची स्थिती याहून वाईट आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ नावाचा छोटा विनोदी चित्रपटही दाखवला होता. आज आपल्या हाती त्याचे नावच आहे. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळे गेली.

मग विनोदी लघुपट एवढे तरी कसे वाचले? याचे श्रेय बऱ्याच अंशी घरगुती प्रोजेक्टरला जाते. १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथेने ९.५ मिलिमीटर आणि १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर फिल्म आणली. ती अ‍ॅसिटेटची, सहज पेट न घेणारी होती. तिच्यावर छापलेल्या छोट्या विनोदी चित्रपटांच्या प्रती घरी पाहण्यासाठी मिळू लागल्या. मूळ नायट्रेट कुजले, पण कोणाच्या तरी माळ्यावरची ती लहान प्रत राहिली.

‘अ थीफ कॅचर’ (१९१४) या चित्रपटात चॅप्लिनने छोटी भूमिका केली होती, हे जवळजवळ विसरले गेले होते. अमेरिकेत मिशिगनमध्ये जुन्या वस्तूंच्या विक्रीत त्याची १६ मिलिमीटर प्रत मिळाली आणि २०१० मध्ये ती जगापुढे आली. लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधली (१९२७) क्रीम भरलेले केक फेकण्याची प्रचंड मारामारी अनेक दशके तुकड्यांतच पाहायला मिळत होती. २०१५ मध्ये तिचे दुसरे रीळ जवळजवळ संपूर्ण सापडले, तेही १६ मिलिमीटरवरच. शोधणारे जॉन मिर्सालिस व्यवसायाने विषशास्त्रज्ञ आणि छंदाने मूकपटांना साथ देणारे पियानोवादक. २०२० पासून तो चित्रपट ब्लू-रेवर घरबसल्या पाहता येतो.

दुरुस्ती करताना अशा वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून प्रत्येकीतला सर्वांत चांगला भाग निवडतात. ओरखडे घालवण्याची एक जुनी युक्ती आजही वापरतात. ड्रायक्लीनिंगमधल्या परक्लोरोइथिलिनसारख्या द्रवात फिल्म बुडवून स्कॅन करायची. हा द्रव प्रकाशाला जवळजवळ फिल्मइतकाच वळवतो, म्हणून तो ओरखड्यात भरला की ओरखडा दिसेनासा होतो.

एकट्याने पाहू नका

या चित्रपटांसाठी एक गोष्ट मात्र कोणतीही डिस्क देऊ शकत नाही: प्रेक्षागृह. हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांना आढळले की, माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या सोबत हसतो. फिनलंडमधल्या तुर्कू येथील संशोधकांनी २०१७ मध्ये १२ पुरुषांना मित्रांसोबत विनोदी दृश्ये दाखवली. नंतर केलेल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये त्यांच्या शरीरातले नैसर्गिक वेदनाशामक, म्हणजे एंडॉर्फिनसारखे पदार्थ, वाढल्याची चिन्हे दिसली. अभ्यास छोटा आहे आणि हसण्याने आजार बरे होतात असा त्याचा अर्थ नाही. पण हे लघुपट भरलेल्या प्रेक्षागृहासाठी बनवलेले होते, हे लक्षात ठेवावे. संवाद नसल्याने नातवाला आणि आजीला ते एकाच वेळी कळतात. घरातल्या सगळ्यांना बोलवूनच डिस्क लावावी.

आणि एकदा आपला माळाही तपासावा. आजोबांनी ८ किंवा १६ मिलिमीटरवर टिपलेली लग्नाची, सहलीची रिळे तिथे असतील तर डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेट कुजू लागले आहे. ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवा, उष्ण माळ्यावरून खाली थंड, कोरड्या जागी आणा, जुन्या प्रोजेक्टरवर चालवून पाहू नका आणि लवकर डिजिटल प्रत करून घ्या. रीळ ३५ मिलिमीटरचे आणि १९५० च्या आधीचे असेल तर ते नायट्रेटचे असू शकते. ते आगीपासून दूर ठेवून जाणकारांना कळवा.