चार शब्द, अर्धा तास

"बालकविता लिहा" असे सांगितले की मोठा माणूस हमखास अडतो. मग मोर, पाऊस, फुलपाखरू आणि चांदोबा हे नेहमीचे पाहुणे येतात, आणि कविता जिथे सुरू झाली तिथेच संपते. पण त्याच माणसाला "मुंगी, सरकी, छत्री आणि शिंक हे चार शब्द घे, अर्ध्या तासात मुलांसाठी काहीतरी लिही" असे म्हणा. आधी तो हसतो, मग डोके खाजवतो, मग लिहू लागतो. सेलूला आम्ही काही मित्र आणि दोन-चार शिक्षक अधूनमधून रविवारी असे बसतो. बक्षीस नाही, फार तर चहा. या खेळाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

खेळ आपला जुनाच आहे. संस्कृत कवींच्या सभेत एक चरण देऊन उरलेला श्लोक पुरा करायला सांगत. तिला समस्यापूर्ती म्हणतात. राजा भोज आणि कालिदासाच्या कितीतरी गोष्टी तिच्यावरच रचलेल्या आहेत. उर्दूत तरही मुशायरा असतो. त्यात एक मिसरा, म्हणजे एक ओळ, आधी जाहीर होते आणि सगळे शायर तिच्याच वृत्तात, त्याच यमकांत गझल बांधून आणतात. ओळ सगळ्यांना एकच, पण प्रत्येकाची गझल वेगळी. सुदूर इटलीत मुलांसाठी लिहिणारे जान्नी रोदारी यांनी १९७३ साली या विषयावर पुस्तकच लिहिले. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप हलू लागते, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतील डॉ. स्यूस यांच्याशी तर प्रकाशकाने पैजच मारली होती, की फक्त ५० शब्दांत पुस्तक लिहून दाखवा. १९६० साली ते पुस्तक आले आणि जगभरच्या मुलांनी वाचले.

बंधनामुळे कवितेला बळ कसे येते? "काय लिहू?" हा भलामोठा प्रश्न जातो आणि "हे जोडू कसे?" हा लहान प्रश्न उरतो. लहान प्रश्नाला उत्तर सापडते. वर सांगितलेल्या चार शब्दांवर मी एकदा केलेल्या ओळी अशा :

मुंगीबाई चढल्या हो
सरकीच्या ढिगावर
शिंक आली, छत्री उडे
मुंगीबाई छत्रीवर!

ही काही थोर कविता नव्हे. पण शिंक काढून पाहा. छत्री उडत नाही, मुंगी ढिगावरच बसून राहते आणि मुलांना हसायला काही उरत नाही. दिलेला शब्द नुसता बसवला आहे की कामाला लावला आहे, हे ओळखण्याची खूण हीच. तो काढला तर कविता कोसळली पाहिजे. ज्याचे चारही शब्द असे खांब झाले, तो त्या दिवशीचा विजेता.

बाकी नियम थोडे आहेत. शब्दाचे रूप बदलले तर चालते. सरकीचे "सरकीच्या" झाले तरी शब्द तोच. मराठीत विभक्ती लागली की शब्द रूप बदलणारच, त्याला इलाज नाही. ओळ टाळीवर म्हणता आली पाहिजे, म्हणून आठ अक्षरांची ओळ नवख्याला सोयीची. आणि शेवटी उपदेश नको. "म्हणून मुलांनो" आले की मुले उठून जातात. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठ मिळालेल्या कवीने मुलांसाठी पुस्तकामागून पुस्तक लिहिले, ते शहाणपण वाटायला नव्हे, मुलांशी खेळायला.

आता मुख्य गोष्ट. शब्द द्यायचे कोणी?

काही वर्षांपूर्वी मी शाळकरी मुलांची अशीच एक स्पर्धा घेतली. शब्द माझेच होते : आई, पाऊस, बेडूक, छत्री. एका मुलीची कविता सगळ्यांत गोड होती. बेडूक घरात शिरतो, त्याला बाहेर काढता काढता घरचे सगळे भिजतात. पण तिने "आई" लिहिले नव्हते, "अम्मी" लिहिले होते. दिलेला शब्द नाही, म्हणून मी ती बाद केली. मुलगी जवळ आली. "सर, आमच्या घरी आई नाही, अम्मी आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही काय म्हणता?"

मी माझ्या आईला जन्मभर अम्मी म्हटले. मराठीत तीस वर्षे कविता लिहिल्या, आणि त्या टेबलावर बसून तोच शब्द मी खोडला. नियमाने माझे बरोबर होते. चूक त्याच्या आधीच, यादी करताना झाली होती. ती यादी मी पाठ्यपुस्तकातल्या घरासाठी केली होती. समोर बसलेल्या मुलांची घरे मला आठवलीच नव्हती.

आमच्या सेलूपासून वर्धा जवळच. तिथे १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि मुलांचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असा ठराव झाला. मातृभाषा म्हणजे आईची भाषा, हे मी भाषणांत शंभरदा सांगितले असेल. त्या मुलीने मला विचारले ते एवढेच, की कोणाच्या आईची?

त्यानंतर मी शब्द देत नाही. प्रत्येक मूल घरी रोज बोलला जाणारा एक शब्द चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकते आणि त्यातल्या चार चिठ्ठ्या काढतो. मग पऱ्हाटी निघते, वावर निघते, फल्ली निघते, कधी दस्तरखान निघतो. ज्याला शब्द माहीत नाही तो शेजाऱ्याला विचारतो. कविता सुरू होण्याआधी पाच मिनिटे वर्गात नुसते विचारणे आणि सांगणे चालते. खरे सांगायचे तर आता मला ती पाच मिनिटेच जास्त आवडतात.

ती मुलगी पुन्हा कुठल्या स्पर्धेत दिसली नाही. तिची कविता मात्र मी जपून ठेवली आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरातला "बाद" हा शेरा आहे.

आज संध्याकाळी घरी हा खेळ खेळून पाहा. डबा घ्या, चिठ्ठ्या टाका, अर्धा तास लावा. फक्त शब्द मुलांना टाकू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)