फुगडी उलटी फिरली तर? एका सुपरकंडक्टरचं अजून न सुटलेलं कोडं

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. आजचा आपला नायक आहे स्ट्राँशियम रुथेनेट नावाचा पदार्थ. याच्याबद्दल १९९८ साली दोन मोठे पुरावे आले. वीसेक वर्षांनी त्यातला एक कोसळला, दुसरा अजून उभा आहे. मग आता या पदार्थाबद्दल मानायचं काय?

आधी एक शब्द समजून घेऊ : टाइम रिव्हर्सल सिमेट्री. नाव ऐकून टाइम मशीन आठवेल, पण तसं काही नाही. चेंडू सरळ वर फेकला, तो खाली आला. याचा व्हिडिओ उलटा चालवला तरी तुम्हाला फरक कळणार नाही. ही झाली सिमेट्री. आता फुगडी घ्या. दोघी उजवीकडे फिरतायत; व्हिडिओ उलटा चालवला की त्या डावीकडे फिरताना दिसतात. इथे सिमेट्री मोडली. तारेच्या वेटोळ्यातल्या विजेचंही असंच असतं. व्हिडिओ उलटा केला की प्रवाह उलटा, आणि त्यातून तयार होणाऱ्या चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव अदलाबदल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा : बाहेरून चुंबक न लावता पदार्थाच्या आत स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सापडलं, तर तिथे ही सिमेट्री मोडलेली आहे.

नेहमीच्या सुपरकंडक्टरमध्ये असं होत नाही. तिथे इलेक्ट्रॉन जोड्या करून फिरतात, त्यांना कूपर जोड्या म्हणतात. जोडीतले दोघं एकमेकांच्या बरोबर उलट असतात : गती उलट, स्पिनही उलट. एकाचा व्हिडिओ उलटा चालवला की दुसरा मिळतो, त्यामुळे जोडी म्हणून काहीच बदलत नाही. आणि चुंबकत्व तर या जोड्यांचं वैरी. ते सहसा जोड्या फोडतं.

आता आपल्या नायकाकडे येऊ. १९९४ मध्ये जपानच्या योशितेरू माएनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्ट्राँशियम रुथेनेट सुपरकंडक्टर होतो. शुद्ध स्फटिकात हे घडतं सुमारे १.५ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसच्याही खाली. पुढच्याच वर्षी मॉरिस राइस आणि मॅनफ्रेड सिग्रिस्ट यांनी कल्पना मांडली : इथल्या जोड्यांमधले स्पिन उलटसुलट नसून समांतर असावेत.

मग आलं १९९८. पहिला पुरावा केंजी इशिदा आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी एनएमआर वापरलं. दवाखान्यातलं एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं तेच हे. स्पिन उलट असतील, तर थंड केल्यावर ते एकमेकांना रद्द करतात आणि एनएमआरचा एक आकडा घसरतो. इथे तो घसरला नाही. म्हणजे स्पिन समांतर!

दुसरा पुरावा ग्रॅहम ल्यूक यांच्या गटाचा, म्युऑनचा. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. तो सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, आणि मरताना त्यातून निघणारा पॉझिट्रॉन आपल्याला सांगून जातो की म्युऑनचा स्पिन कुठे रोखलेला होता. थोडक्यात, पदार्थात सोडलेलं इवलंसं होकायंत्रच. नमुना सुपरकंडक्टर झाला आणि ही होकायंत्रं भरकटायला लागली. आत सुमारे अर्ध्या गाउसचं क्षेत्र उमटलं होतं, साधारण पृथ्वीच्या क्षेत्राएवढं. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या अहरॉन कापिटुल्निक यांच्या गटाने वेगळ्याच वाटेने तेच पाहिलं. पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण किंचित वळत होतं, कमाल ६५ नॅनोरेडियन.

दोन्ही पुरावे एका चित्रात मस्त बसत होते : समांतर स्पिन, आणि सगळ्या जोड्या एकाच दिशेने फुगडी घालतायत. अशा पदार्थातून आपोआप चुका टाळणारा क्वांटम संगणक बनवता येईल, ही आशाही त्यावरच उभी राहिली. एक गोष्ट मात्र खटकत होती. अशा फुगडीमुळे नमुन्याच्या कडेने वीज वाहायला हवी. तिचं क्षेत्र अतिसंवेदनशील यंत्रांनी शोधलं, पण अपेक्षेइतकं काही सापडेना.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुअर्ट ब्राउन यांच्या गटाने एनएमआर पुन्हा केलं. लक्षात आलं, की मोजायला वापरलेले रेडिओ लहरींचे झटकेच नमुन्याला क्षणभर तापवतात. इतकं, की त्या क्षणी तो सुपरकंडक्टरच राहत नाही. झटके सौम्य केले आणि आकडा घसरला. इशिदांच्या गटानेही पुढे याला दुजोरा दिला. समांतर स्पिनचं चित्र कोसळलं.

इथे बरेच लोक म्हणतात, 'म्हणजे सगळंच खोटं निघालं.' मला हे पटत नाही. एनएमआर स्पिनबद्दल बोलतं, म्युऑन चुंबकीय क्षेत्राबद्दल. एक साक्षीदार उलटला म्हणून दुसऱ्याची साक्ष रद्द होत नाही. स्पिन उलट असूनही जोडी फुगडी घालू शकते.

पण गोष्ट इथेही संपत नाही. स्फटिक एका दिशेने दाबला, तर सुपरकंडक्टर होण्याचं तापमान वाढतं. २०२१ मध्ये म्युऑनने दाखवलं, की सिमेट्री मात्र त्याहून खालच्या तापमानाला मोडते. म्हणजे पायऱ्या दोन. मग दुसऱ्या पायरीवर उष्णतेच्या मोजणीतही खूण दिसायला हवी. काळजीपूर्वक मोजूनही ती दिसलेली नाही. भांडण आज इथे अडलंय.

म्हणून यापुढे या पदार्थाबद्दल 'रहस्य उलगडलं' अशी बातमी दिसली, तर दोन गोष्टी तपासा : नेमकं काय मोजलंय, आणि मोजताना नमुना थंड राहिला होता का?

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!